पालथं ताट

आमच्या संशोधन केंद्राला लांबलचक सरकारी नाव होतं, पण ते कागदापुरतं. तिथे राहणारे आम्ही चौदा जण त्याला नुसतं 'वर' म्हणायचो, आणि उरलेल्या सगळ्या जगाला 'खाली'. नेमणुकीचं पत्र आलं तेव्हा मी आनंदाने घरभर ओरडत सुटले, "आई, सोमवारी मी वर जाते!" आई हातातलं काम टाकून धावत आली. "अगं कार्टे, तोंड सांभाळून बोल. वर काय जातेस!" पुढे कितीतरी दिवस ती शेजारणींना 'उंचावर नोकरीला असते' असं सांगायची.

खालच्या लोकांना वरचं राहणं फार रम्य वाटतं. कुठे चारचौघांत भेटले की विचारतात, "काय शांतता असेल, नाही? काय चांदणं असेल!" अशा वेळी मला समोरच्याच्या हातातला चहा त्याच्याच अंगावर ओतावासा वाटतो. शांतता कसली डोंबलाची! पत्र्याचं छप्पर बारा महिने वाऱ्याने थडथडायचं. थंडीत पाण्याचा थेंब वाहता नसायचा. तळ्यावर जाऊन करवतीने बर्फाच्या लाद्या कापायच्या, घसरगाडीवर घालून ओढत आणायच्या आणि स्वयंपाकघरातल्या पिंपात वितळवायच्या. माणशी दिवसाला अर्धी बादली, त्यात पिणं, तोंड धुणं, कपडे, सगळं. आंघोळ दहा दिवसांतून एकदा, तीही यादीत नंबर लागला तर. संडास पन्नास पावलांवर, आणि वाटेला दोर बांधलेला. धुक्यात तो दोर हातातून सुटला की माणूस संडासाऐवजी दरीत पोचायचा. ओले मोजे चुलीच्या धुराड्याभोवती टांगलेले असायचे, त्यामुळे चहाला, भाताला आणि आमच्या वह्यांनाही मोज्यांचा वास. वीज सकाळी दोन तास आणि संध्याकाळी तीन तास. झोपायच्या खोल्यांत आमच्याच श्वासाची वाफ भिंतीवर गोठायची. चोवीस तास उबदार अशी एकच खोली होती, ती बॅटऱ्यांची. बॅटऱ्या गारठल्या तर उपकरणं बंद पडतात ना! माणसं गारठली तर त्यांना आणखी एक घोंगडी मिळायची. हे मी तक्रार म्हणून सांगत नाही. खरं तर तक्रार म्हणूनच सांगते आहे.

माझं काम दगडफुलांचं. खडकावर चिकटून वाढणारी ती करडी खपली वर्षाला किती पसरते, ते मोजायचं. ती वर्षाला नखाच्या कडेइतकीही पसरत नाही. त्यामुळे सलग तीन वर्षं, एकही महिना न चुकवता मोजलं, तरच काही हाती लागणार होतं.

अशा जागी आत्या एकवीस वर्षं राहिली. ती आमची स्वयंपाकीण. पहिल्या दिवशी मी सवयीने म्हटलं, "मावशी, चहा मिळेल का?" तिने डाव खाली ठेवला.

"किती बहिणी आहेत तुझ्या आईला?"

"एक."

"मग ती मी नाही. जगातल्या सगळ्या स्वयंपाकिणी तुमच्या मावश्या कशा होतात गं? मावशी लाड करते. मी करत नाही. मला आत्या म्हण, मला बोलायचा हक्क लागतो. आणि अहोजाहो नको. अहो म्हणणारी माणसं गोड बोलून ताट न घासता पळतात."

तिथे बायका आम्ही दोघीच, त्यामुळे खोलीही एकच. आत्या ठेंगणी, रुंद खांद्यांची. दोन स्वेटर, त्यावर एक पुरुषी कोट, त्यावर एप्रन, डोक्याला कानटोपी, आणि दोन्ही हातांवर पोळल्याचे जुने डाग. गुडघे कुरकुरायचे, तोंड त्याहून जास्त. झोपेत घोरायची आणि सकाळी मीच घोरते म्हणून माझ्यावर ढकलायची. पण माझ्या पांघरुणात रोज संध्याकाळी गरम पाण्याची बाटली कोण ठेवतं, हे मी विचारलं तर म्हणायची, "उंदीर ठेवत असतील."

आता ताटांचं सांगते, कारण सगळं रामायण त्यातूनच घडलं.

स्वयंपाकघराच्या दाराशी भिंतीला दोन फळ्या ठोकलेल्या होत्या. एकेका फळीवर सात ताटं, प्रत्येकाच्या काठावर खिळ्याने ठोकलेले ठिपके. एक ठिपका ते चौदा ठिपके. पाणी नाही, म्हणून ज्याने त्याने आपलं ताट राखेने घासायचं आणि ओंजळभर पाण्याने विसळायचं. कुणी केंद्राच्या बाहेर निघालं की जाताना त्याने आपलं ताट फळीवर पालथं घालायचं. परत आलं की बूट काढायच्याही आधी ते उताणं करायचं. ही पद्धत आत्याने पाडली, ती तांदूळ किती शिजवायचा हे कळावं म्हणून. इतक्या उंचीवर भात शिजायला दुप्पट वेळ आणि दुप्पट इंधन लागतं. उरलेला भात तासाभरात दगड होतो. कोण जेवायला आहे आणि कोण नाही, हे तिला एका नजरेत हवं असायचं.

होता होता ती आमची भाषाच झाली. "डॉक्टर कुठे आहेत?" "पालथे आहेत." "मिस्त्री?" "तो सकाळपासून पालथा." नवीन आलेली माणसं आठवडाभर खुदखुदायची आणि मग स्वतःच म्हणायला लागायची, "आत्या, आज मी चारपर्यंत पालथा बरं का." संडासाला गेलेल्या माणसाला पालथा धरत नसत, तेवढी सवलत होती.

फळीकडे बघत राहायची तिची सवय पाहून आम्ही सगळे तर्क लढवायचो. हिचं कुणीतरी बर्फात गेलं असणार. नवरा असेल. मुलगा असेल. मी एकदा न राहवून, आवाजात शक्य तितकी सहानुभूती आणून विचारलं. आत्या हसून हसून खोकायला लागली.

"नवरा? तो खाली शिवणयंत्रावर बसलाय, ठणठणीत. परवा वायरलेसवर भांडलो ते ऐकलं नाहीस का? मुलगी तिच्या घरी सुखात आहे. माझं कुणी मेलेलं नाही गं. कुणी मेल्याशिवाय माणसाला शहाणपण येऊ नये असा कायदा आहे का?"

मी ओशाळून बटाटे सोलायला लागले.

त्या वर्षी थंडीच्या तोंडावर नवे साहेब आले. माणूस वाईट नव्हता. वाईट असता तर मला सांगायला सोपं गेलं असतं. कामाला वाघ, बोलायला मऊ, बर्फाच्या लाद्या ओढायला स्वतः पुढे. पण प्रत्येक गोष्ट कागदावर आली की ती झाली, अशी त्यांची पक्की समजूत. आल्या आल्या त्यांनी मुख्य दाराशी एक जाडजूड वही टांगली: हालचाल नोंदवही. नाव, जाण्याची वेळ, येण्याची वेळ, कारण, सही. सुतळीला बांधलेलं पेन दुसऱ्याच दिवशी गोठलं, म्हणून मग पेन्सिल आली. बॅटऱ्यांच्या खोलीत डुलक्या काढायला मनाई करणारा कागदही त्यांनीच लावला. मग ते स्वयंपाकघरात आले.

"बाई, ही ताटं कपाटात ठेवत जा. धूळ बसते."

"इथे धूळ कुठली, साहेब? खालून मागवावी लागेल."

"पण आता नोंदी वहीत होणारच आहेत."

"होऊ देत की. पण वहीला भूक लागत नाही. माणूस वही विसरेल, ताट नाही विसरणार."

साहेब हसले आणि ताटं फळीवरच राहिली. आत्या हे बोलली तेव्हा मी तिच्या शेजारीच उभी होते. ताट विसरणारी नेमकी मीच निघाले.

तो दिवस असा. दोन रात्री थंडीने माझा डोळ्याला डोळा लागला नव्हता. सकाळी न्याहारी झाल्यावर मी ताट पालथं घातलं आणि बाजूच्या छोट्या दाराने बाहेर पडले, कारण मुख्य दारासमोर बर्फ साचला होता. वही मुख्य दाराशी. म्हणजे वहीत माझी नोंदच नाही. मला जायचं होतं सात नंबरच्या खडकाशी, अर्ध्या तासाच्या चालीवर. तिथे बसवलेल्या तापमापकाची तार उंदरांनी कुरतडलेली. त्याची पेटी काढून पाठीवर घेतली तोवर धुकं उतरायला लागलं, तशी मी पाय उचलून परत आले, त्याच छोट्या दाराने. पेटी ओली झाली होती, ती लगेच सुकवायला हवी, म्हणून तशीच बॅटऱ्यांच्या खोलीत शिरले. मांडणीच्या मागे खोक्यावर टेकले. दोन मिनिटं पाय शेकू, म्हटलं. अंगावर घोंगडी ओढली.

पुढचं मी दुसऱ्यांकडून ऐकलेलं.

एक वाजता जेवायची थाळी वाजली. तेरा जण बसले. आत्याने फळीकडे पाहिलं, तर माझं, सात ठिपक्यांचं, ताट पालथं. खिडकीबाहेर धुकं इतकं की संडासाचा दोरही दिसत नव्हता. ती आमच्या खोलीत जाऊन आली. मिस्त्री, म्हणजे आमचं इंजिन, नळ, वायरलेस सगळं एकट्याने सांभाळणारा माणूस, तो कंदील घेऊन कोठारात, प्रयोगशाळेत, बॅटऱ्यांच्या खोलीतही डोकावला. मांडणीमागे घोंगडीखाली कुणी असेल असं त्याच्या मनातही आलं नाही.

साहेबांनी वही उघडली. "या तर बाहेर गेलेल्याच नाहीत."

"मग आत आहे, तर जेवायला का नाही?"

"असतील कुठेतरी, बाई. जरा वेळ वाट पाहू."

आत्याने पुढचं ऐकलंच नाही. भाताच्या मोठ्या पातेल्याचं झाकण उचललं, डाव घेतला आणि दारात उभं राहून बडवायला सुरुवात केली. सहा जण कमरेला दोर बांधून सात नंबरच्या खडकाकडे, म्हणजे मी नेहमी मोजायला जायचे तिकडे, निघाले, माझ्या नावाने हाका मारत. आत्या वीसपर्यंत मोजायची आणि झाकण वाजवायची, पुन्हा मोजायची, पुन्हा वाजवायची. धुक्यात परतणाऱ्याला दिशा कळावी म्हणून. हात बदलत बदलत ती सव्वा तास उभी होती. तिने मिस्त्रीला सांगितलं, खाली कळव. मिस्त्रीने वायरलेस लावला आणि घाईघाईत आमच्या भाषेत सांगून टाकलं, "आमच्यातली एक जण पालथी आहे. तास होऊन गेला. बाहेर धुकं आहे."

खाली त्या दिवशी नवा माणूस बसला होता. त्याने काय लिहून घेतलं असेल ते सांगायला नको. बाहेर बर्फात एक बाई तासाभरापासून पालथी पडलेली! त्याने बचावाची गाडी सोडायला लावली, डॉक्टर बसवला, आणि कुणा अतिउत्साही महाभागाने माझ्या घरी फोन केला.

अडीचला मला तहान लागून जाग आली. मी डोळे चोळत, घोंगडी ओढत स्वयंपाकघरात आले आणि म्हटलं, "आत्या, हे काय वाजतंय?"

आत्या वळली. झाकण तसंच हातात. माझ्याकडे बघत राहिली, मग म्हणाली, "बाहेरून आलीस की आतून?"

"आतून."

तिने झाकण ठेवलं. दोन्ही हातांनी माझं तोंड धरलं, डोळ्यांपासून हनुवटीपर्यंत चाचपलं, आणि मग पाठीत असा सणसणीत धपाटा घातला की मी टेबलावर आपटले. माझं ताट उताणं केलं. "बस. जेव." वाढताना अर्धा भात टेबलावर सांडला. तो तिने वेचून स्वतःच्या ताटात घेतला.

ते सहा जण परत आले तेव्हा भुवयांवर बर्फ, ओठ निळे. एकाच्या पायाची दोन बोटं आठवडाभर बधीर राहिली. मला पाहून कुणालाच आनंद झाला नाही, आणि मी त्यांना दोष देत नाही. त्यांतला एक आत्यावर खेकसला, "साप साप म्हणून भुई धोपटलीस!"

"धोपटली," आत्या म्हणाली. "भुईला काय लागलं? बूट काढ, पाय दाखव."

इथवर सगळं घरातलं होतं, दोन दिवसांत निवळलं असतं. पण बचावाची गाडी अर्ध्या वाटेवरून परत फिरली होती. आणि माझ्या आईने दोन तास, म्हणजे खरा निरोप पोचेपर्यंत, मी गेले असं समजून काढले होते. संध्याकाळी वायरलेसवर तिचा आवाज ऐकला. ती रडत नव्हती. फक्त, "बोल. अजून बोल. काहीही बोल," एवढंच म्हणत होती.

उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांना आता मुद्दा मिळाला. खालून हुकूम आला: खोटी सूचना कुणी दिली? जबाबदारी निश्चित करा, लेखी कबुली घ्या. मिस्त्रीने ती बाईच्या सांगण्यावरून दिली असं धरलं. बाईने ताटावरून ठरवलं, आणि वहीत तर कुणी बाहेर गेल्याची नोंदच नव्हती. म्हणजे वही बरोबर आणि ताट चूक! यावर आत्या एवढंच म्हणाली, "कावळा बसला आणि फांदी मोडली. हिने बाहेर जाताना लिहिलं नाही, म्हणून वही बरोबर ठरली. वा रे वही!"

साहेबांनी सगळ्यांचे जबाब घेतले. माझाही. आता माझी लाज सांगते. थंडीभर वर राहायची माझी परवानगी तेव्हा साहेबांच्या सहीला पडलेली होती. ती नाकारली असती तर मला खाली जावं लागलं असतं, मोजणीत चार महिन्यांचं भगदाड पडलं असतं आणि आधीची दोन वर्षं पाण्यात. त्यात मनाई असलेल्या खोलीत झोपलेली. तेव्हा मी अगदी शुद्ध भाषेत लिहिलं: 'उपकरण तपासत असताना डोळा लागला. मी संपूर्ण वेळ केंद्राच्या आत सुरक्षित होते. मला कोणताही धोका नव्हता.' ताटाबद्दल एक अक्षर नाही. सही केली आणि बाहेर आले.

संध्याकाळी वीज होती तोवर आत्या खोलीत बसून मोजा रफू करत होती. माझाच.

"लिहिलंस?"

"हो."

"काय?"

मी सांगितलं. तिने दोरा दाताने तोडला. "खरं लिहिलंस. तू सुरक्षितच होतीस. तुला ते ठाऊक होतं. मला नव्हतं."

"आत्या, मला जावं लागलं असतं गं."

"मग मला जावं लागेल."

ती हे रागाने म्हणाली असती तर मला परवडलं असतं. मी विचारलं, तुला खाली जायला आवडणार नाही का, नवरा आहे, ऊन आहे, नळाला पाणी आहे. ती माझ्यावर उखडली. "इथे मला चौदा जणांचं बघायचं असतं. तिथे एक नवरा, आणि तो चहासुद्धा स्वतः करून पितो! एकवीस वर्षं मी इथली आहे. जाणार तर माझ्या गुडघ्यांनी सांगितलं म्हणून जाईन. या कागदाने सांगितलं म्हणून नाही." मग तोंड भिंतीकडे करून पडून राहिली. ती मला फार आवडायची, आणि त्या संध्याकाळी मला स्वतःची शिसारी आली.

दुसऱ्या दिवशी न्याहारीला सगळे बसलेले असताना साहेब कागद आणि पेन्सिल घेऊन आले. आत्यासमोर ठेवला. म्हणाले, "बाई, मलाही हे आवडत नाही. पण एक सही केलीत की विषय संपतो. नाही केलीत तर दहा दिवसांनी सामानाची गाडी येते आहे, तिने तुम्हाला परत पाठवा असं खालून सांगितलंय. माझ्या हातात नाही."

आत्याने हात पुसले, चष्मा लावला आणि मोठ्याने वाचलं. तिला वाचताना ऐकून चहा पिणारे थांबले. "'मी घाईने खोटी सूचना दिली. यापुढे पूर्ण खात्री झाल्याशिवाय मी अशी सूचना देणार नाही.'" तिने चष्म्यावरून पाहिलं. "खात्री म्हणजे कसली?"

"म्हणजे कुणी खरोखर हरवलंय, याची."

"ती कधी होते?"

साहेबांनी कागदाची घडी बोटाने सपाट केली.

"सांगा ना. सापडल्यावरच होते ना? कसंही सापडो."

"तसं नाही हो, बाई. थोडा वेळ थांबायचं, एवढंच म्हणणं आहे."

"मग तसं लिहा. किती वेळ?"

"ते परिस्थितीवर अवलंबून आहे."

"परिस्थितीला हाताला घड्याळ नसतं, साहेब. मी अडाणी बाई. मला आकडा द्या. ताट पालथं आहे, धुकं आहे, जेवायची थाळी वाजली आणि माणूस नाही. किती मिनिटं गप्प बसू?"

साहेबांनी पेन्सिल उचलली. खरंच उचलली. शेवटच्या ओळीखाली 'तीस' लिहिलं.

मिस्त्री पलीकडून हळूच म्हणाला, "तीस मिनिटांत बोटं जातात, साहेब."

साहेबांनी खोडलं. 'वीस' लिहिलं. ज्याच्या पायाची बोटं बधीर होती, त्याने खाली आपल्या पायाकडे पाहिलं. साहेबांनी तेही खोडलं. पेन्सिल कागदावर टेकलेली, पण पुढे सरकेना.

"लिहा, वीस लिहा," आत्या म्हणाली. आता तिचा आवाज चढला होता. "मी आत्ता सही करते. पण त्या विसाच्या शेजारी तुमची सही पाहिजे. आणि हिच्या आईची. खालून मागवून घ्या. त्या माउलीला लिहू दे, की माझ्या लेकीसाठी वीस मिनिटं उशीर केलात तरी माझी हरकत नाही. ती सही आली की त्याच दिवशी माझी घ्या!"

मला आईचा आवाज आठवला. बोल, अजून बोल. मी उठले, हे मला सगळे बघायला लागले तेव्हा कळलं.

"साहेब, माझा जबाब द्या. त्यात एक ओळ राहिली."

"आत्ता?"

"आत्ताच. मी परत आल्यावर ताट उताणं केलं नाही, ही ओळ. आणि मनाई असलेल्या खोलीत मी झोपायलाच बसले होते, ही दुसरी. चूक झाली ती माझी. माझ्या परवानगीचं काय करायचं ते तुम्ही ठरवा."

आत्या माझ्याकडे वळलीसुद्धा नाही. "दोन ओळी झाल्या की," एवढंच म्हणाली.

साहेबांनी फायलीतून माझा कागद काढून दिला आणि मी तिथेच, चहाच्या कपाशेजारी, लिहिलं. त्यांनी ते वाचलं. मग आत्यापुढचा कागद ओढून घेतला, त्यावरची खाडाखोड बघत बसले. त्यांचा चेहरा आता साहेबाचा राहिला नव्हता, रात्रभर न झोपलेल्या माणसाचा दिसत होता. फार हळू आवाजात त्यांनी विचारलं, "आणि पुन्हा असंच झालं तर? पुन्हा तुम्ही चुकलात तर, बाई?"

"चुकेन की!" आत्या म्हणाली. "शंभर वेळा चुकू दे. मला बरोबर ठरायचंच नाहीये, साहेब."

दहा दिवसांनी गाडी आली. पीठ, तांदूळ, रॉकेल, टपाल उतरवलं. परत जाताना तिच्यात रिकामे डबे होते आणि फायलीत तो कागद होता, दोन आकडे खोडलेला, बिनसहीचा. आत्या नव्हती.